मधला वाढील

नदी जिथे गावाला वळसा घालून पुढे जाते, त्या वळणावर एकदा एक वृद्ध आचार्य लेखनशाळा चालवीत असत. शाळा म्हणजे काय, तर एक लांबलचक ओसरी, भिंतीकडेने मांडलेली बैठी मेजे आणि मागच्या अंगाला स्वयंपाकघर. दूरदूरचे विद्यार्थी तिथे येऊन राहत. कुणी ग्रहगतीवर लिही, कुणी राजनीतीवर, कुणी शब्दांच्या व्युत्पत्तीवर. आचार्यांचा नियम एकच होता. प्रत्येकाने आपला विषय आपण निवडायचा आणि तो का निवडला, ते एका वाक्यात सांगायचे.

एके दिवशी तिथे एक तरुणी आली. शिकलेली होती, वाचलेली होती, पण स्वभावाने भारी भित्री. झाकण पडले तरी दचकायची. कुणी मागून हाक मारली तर आधी छातीवर हात ठेवायची आणि मग ओ द्यायची.

"विषय?" आचार्यांनी विचारले.

"अन्न," ती म्हणाली आणि लगेच गडबडली. "म्हणजे स्वयंपाक. म्हणजे... जेवण."

"का?"

प्रवासभर पाठ केलेले वाक्य नेमके त्याच क्षणी डोक्यातून निघून गेले. "मला आवडतं," एवढेच तिच्या तोंडून बाहेर पडले.

"खायला की लिहायला?" राजनीतीवर लिहिणारा विद्यार्थी मागून बोलला आणि सगळी ओसरी हसली.

आचार्य हसले नाहीत. ते म्हणाले, "मुली, तुला एक काम देईन. ते होईपर्यंत तू इथे पाहुणी. काम झाल्यावर ठरवू, अन्न हा लिहिण्याचा विषय आहे की नुसता जेवण्याचा."

तिने मान डोलावली. नुसता जेवण्याचा विषय ठरला, तर तिला परत जावे लागणार, हे उघड होते. कारण दुसऱ्या कुठल्याही विषयावर तिची लेखणी चालत नसे. तिने प्रयत्न केले नव्हते असे नाही. ऋतूंवर लिहायला बसली की दोन ओळींत कैरीचे पन्हे येई. राजाच्या स्वारीवर लिहू लागली की सैन्याच्या शिदोरीत काय होते, यावरच पान संपे. यात आपले काहीतरी चुकते आहे, हा विषय हलका आहे, अशी टोचणी तिला सतत लागलेली असे. शाळेतले सोबतीही ती टोचणी कमी होऊ देत नसत. "काय गं, दोडक्याचं भाष्य कुठवर आलं?" असे जाता-येता कुणीतरी विचारी.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या काकू तर तिला फटकारूनच बोलत. "लिहितेस काय नुसती? ये, वांगी चीर. माझ्या आमटीवर लिहायला सांगितलं, तर मीठ कमी आहे एवढंच लिहिशील तू." पण ताटात वाढताना त्याच काकू तिच्या भातावर तुपाची धार जरा जास्त धरीत. हे तिच्या लक्षात येई आणि तिला त्याचीही उगाच भीती वाटे.

महिनाभराने पेठेतला एक धान्याचा व्यापारी शाळेत आला. त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते. आलेल्या प्रत्येक घराला एकेक ग्रंथ भेट द्यावा, असे त्याच्या मनात होते. "नारळ काय, सगळेच देतात, आचार्य. तुमच्या शाळेत प्रती करणारे हात आहेत. दोनशे प्रती करून द्या. विषय मात्र खाण्यापिण्याचा हवा. लग्नघर आहे, भरल्या घराचं काहीतरी असू द्या."

आचार्य बराच वेळ नदीकडे पाहत बसले. मग उठून आत गेले आणि बासनात बांधलेली एक जुनी वही घेऊन आले. ती त्यांनी व्यापाऱ्याला न देता त्या तरुणीच्या हाती दिली.

"हिची शुद्ध प्रत कर आणि प्रस्तावना लिही," ते म्हणाले. "आठ दिवसांनी दुपारी पंगत ठेवू. शेठजी आपल्या माणसांना घेऊन येतील. जेवणाआधी तू प्रस्तावना वाचायची. त्यांना पटली, तर हीच वही दोनशे घरांत जाईल. तुझंही त्यातच ठरेल."

"ही कुणाची आहे, आचार्य?"

"एका बाईची. आणखी काही विचारू नकोस. जे आहे ते कागदावर आहे."

तिने वही उघडली आणि हरखून गेली. पानोपानी पदार्थ होते. पण कृती अशी कुठेच नव्हती. इतके वाटे अमुक आणि तितके वाटे तमुक, असे त्या बाईने कुठेच लिहिले नव्हते. पुरणपोळीच्या पानावर लिहिले होते, 'पुरणात पळी उभी राहिली पाहिजे. राहिली का ते थोरलीने बघावे, तिची नजर नेमकी आहे. पोळी तव्यावर फुगली की धाकटा टाळ्या वाजवील, त्याला वाजवू द्यावे. दुधावरची साय त्याला.' अळूच्या पातळ भाजीच्या पानावर दाण्यांचे वर्णन असे होते, की वाचताना दाताखाली दाणा यावा. शेवटचे पदार्थवर्णन साध्या पांढऱ्या भाताचे होते आणि ते तब्बल सात पाने चालले होते. आधण कसे बोलू लागते, झाकण कुणी उचलायचे, पहिली वाफ कुणाच्या तोंडावर येते. सात पाने, नुसता भात! केवढी ही फुरसत, केवढी ही हौस, असे तिला वाटले.

प्रत्येक पानावर पदार्थाच्या नावाखाली एकच छोटी ओळ असे : 'मधला वाढील.' आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, जरा अंतर सोडून, आणखी एक. पुरणपोळीच्या पानाखाली होते, 'आज गूळ वाढला.' दुसऱ्या एका पानाखाली, 'आज तूप वाढले.' पुढे तूर, पुढे जोंधळे. काही पानांखाली नुसतेच, 'आज काही नाही.' सात पानी भातानंतर शेवटची ओळ होती, 'आज मीठ वाढले.' त्यापुढची पाने कोरी होती.

तिने शब्दकोश काढला. वाढणे, म्हणजे वृद्धी होणे. वाढणे, म्हणजे पानात अन्न घालणे. दोन्ही अर्थ तिच्यासमोर असे शेजारी शेजारी उभे राहिले, की तिला कोण आनंद झाला. एका भाग्यवंत घराची ही वही! रोज काही ना काही घरात येते आहे, वाढते आहे. शेवटी तर मीठसुद्धा मुबलक झाले आणि त्या सुखात बाईला लिहायला वेळच उरला नाही. अखेरच्या पानांवरचे अक्षर मोठे, विरळ आणि थरथरते होते. बाई म्हातारी झाली असणार, तिने ठरवून टाकले. पदार्थाच्या नावाखालची ओळ तेवढी तिला अडली. 'मधला वाढील.' मधल्या मुलाची प्रकृती नाजूक असावी आणि आई रोज त्याला आशीर्वाद देत असावी. पण मग व्याकरणाने 'वाढेल' हवे. साधी बाई, वेलांटीत चुकली असेल. शुद्ध प्रत करायची आहे ना? तिने एकेचाळीस ठिकाणी वेलांटी काढून मात्रा दिली.

मग तिने वहीतल्या 'आज गूळ वाढला', 'आज तूर वाढली' अशा ओळी घेऊन प्रस्तावना लिहिली. त्यातले एक वाक्य लिहून झाल्यावर ती स्वतःच तीनदा वाचत बसली : 'ज्या घरात रोज काहीतरी वाढत होते, त्या घरात रोज काहीतरी वाढले जात होते, आणि वाढणाऱ्या हातांपाशी लेकरेही वाढत होती.'

आचार्यांनी शुद्ध प्रत पाहिली, प्रस्तावना वाचली. एका पानावर त्यांचे बोट वेलांटीच्या जागी क्षणभर थांबले, असे तिला वाटले. पण ते एवढेच म्हणाले, "असंच वाच."

पंगतीच्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात डोकावली, तर चूल थंड. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"काकू, अजून काहीच नाही? चाळीस माणसं यायची आहेत!"

"मला काय विचारतेस? तुझ्या आचार्यांना विचार. म्हणाले, पंगतीआधी चूल पेटवायची नाही. पानं मांडा, पाणी ठेवा आणि या एवढ्याशा वाटीत मीठ घ्या. वर म्हणतात, वाटी भरायची नाही, अर्धीच. चाळीस पानांना! वय झालं की माणसाचं असं होतं, दुसरं काय."

तरुणीने थंड चुलीकडे पुन्हा पाहिले. पेठेतला मातब्बर व्यापारी, त्याचे व्याही, सगळे रिकाम्या पानांवर बसणार? आणि त्यांच्यासमोर आपण उभे राहून भरल्या घराची वाखाणणी वाचणार? तिला वाटले, आपली फजिती करायची म्हणूनच हे चालले आहे. पण विचारायचा धीर झाला नाही.

दुपारी मंडळी आली. ओसरीवर केळीची पाने मांडली होती. व्यापारी मध्यभागी बसला. त्याच्या आईचे गुडघे दुखत, म्हणून तिला टोकाला उंच पाट दिला होता. तरुणीने उभे राहून प्रस्तावना वाचली. सुरुवातीला आवाज कापत होता, मग सावरला. 'वाढत होते' आणि 'वाढले जात होते' या वाक्यावर व्यापाऱ्याने मांडीवर थाप मारली. "व्वा! काय शब्द बसवलाय पोरीनं!" पंगतभर वाहवा झाली. राजनीतीवाल्यानेसुद्धा मान डोलावली. टोकाच्या पाटावरची म्हातारी तेवढी गप्प होती, पण तिला ऐकू कमी येत असेल, असे तरुणीने मानले.

"वाढा," आचार्य म्हणाले.

काकू वाटी घेऊन निघाल्या. प्रत्येक पानाच्या शेंड्याशी एकेक चिमूट मीठ ठेवीत पुढे सरकू लागल्या. मंडळी मीठ पाहून मागे वळून बघत, की आता चटणी येईल, कोशिंबीर येईल. मागून कुणीच येत नव्हते. "शेठजी, आज उपास दिसतो," एका व्याह्याने खालच्या आवाजात म्हटले आणि चार जण हसले. व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला.

अर्धी पंगत झाली आणि बरोबर व्यापाऱ्याच्या पानापाशी काकू थांबल्या. वाटी तिरपी करून, मान वळवून, रोजच्यासारख्याच खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या,

"आचार्य, मीठ वाढलं हो!"

"थांबा काकू, मी आणते," तरुणी चटकन म्हणाली. "फडताळात बरणी आहे." आणि ती स्वयंपाकघराकडे निघाली.

एक पाऊल. दुसरे पाऊल. तिसरे पडलेच नाही.

ती तिथल्या तिथे थिजली. काकूंच्या हातातल्या वाटीकडे तिने पाहिले. वाटी रिकामी होती. मीठ वाढले, असे काकू म्हणाल्या होत्या आणि सगळ्या पंगतीत एकालाही ते मीठ जास्त झाले असे वाटले नव्हते. कुणी शब्दकोश काढला नव्हता. तिने स्वतःही नाही. तिची आई शेजारणीच्या दारात वाटी घेऊन उभी राहायची ना? 'तेल वाढलंय, जरा द्याल का?' चुलीपाशी 'संपलं' म्हणायचे नसते, अभद्र असते ते. म्हणून जे संपते ते वाढते. हा तिसरा अर्थ ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती, दिवसातून दहादा बोलत आली होती. फक्त कागदावर दिसल्यावर तो तिला ओळखू आला नव्हता.

आज गूळ वाढला. आज तूप वाढले. आज तूर वाढली. आज जोंधळे वाढले.

आज मीठ वाढले.

आणि त्याच्या वर सात पाने भात.

तिच्या हातातले कागद खाली पडले. "अगं बाई," ती पुटपुटली, "अगं बाई गं... त्या घरात काहीच नव्हतं!"

"काय झालं?" व्यापाऱ्याने त्रासून विचारले. "मीठ आणायला निघाली होतीस ना?"

आचार्य आपल्या पानावरून उठले. त्यांनी तिचे कागद गोळा करून तिच्या हाती दिले आणि पंगतीकडे वळून ते बोलू लागले.

"मंडळी, ही वही माझ्या आईची आहे. आभाळ तीन वर्षं कोरडं गेलं, तेव्हाची. माझे वडील पंतोजी होते, ते आदल्या साली गेले. घरातलं धान्य सरत आलं होतं, शाई मात्र पुष्कळ उरली होती. आम्ही तीन भावंडं. थोरली बहीण, मधला मी आणि धाकटा. एके दिवशी धाकट्याच्या हातात अर्धी भाकरी होती आणि मी ती हिसकावून घेतली. आठ वर्षांचा होतो. हिसकावली आणि त्याच्यासमोर उभं राहून खाल्ली."

काकूंनी रिकामी वाटी खाली ठेवली.

"आईनं मला मारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वडिलांची कोरी वही काढली. मध्यान्ही आमची पानं मांडली, पाणी फिरवलं, एकेक चिमूट मीठ ठेवलं आणि लिहिलेलं पान वाचून दाखवलं. मग पळी माझ्या हातात दिली. रिकामी पळी. म्हणाली, 'आज तू वाढायचंस. आधी धाकट्याला.' रोज एक पदार्थ. रोज मी वाढायचो. साय आहे का, असं धाकटा विचारायचा आणि मी म्हणायचो, आहे, तुझ्यासाठी वेगळी काढलीय. एखाद्या दिवशी मूठभर कण्या असत, एखाद्या दिवशी पाला, पुष्कळदा काही नसे. पण पंगत चुकली नाही. मीठ वाढलं त्या दिवशी आम्ही घराला कडी घातली आणि चालू लागलो. धाकटा वाटेतच गेला."

'मधला वाढील.' तरुणीने डोळे मिटून घेतले. त्या बाईची वेलांटी चुकली नव्हती. तो आशीर्वाद नव्हता, ते काम होते. मधला मुलगा, ज्याने हिसकावले होते, तो वाढील. आणि आपण त्या बाईला एकेचाळीस वेळा शुद्ध केले! तिला भूमीने पोटात घ्यावे असे झाले.

"मोठेपणी मी आईला विचारलं," आचार्य म्हणाले. "म्हटलं, आम्ही भूक विसरावी म्हणून लिहीत होतीस का? ती म्हणाली, 'भूक कुणी विसरतं का, वेड्या? तुम्ही जेवण विसरू नये म्हणून लिहीत होते.' मंडळी, भुकेल्या माणसाच्या हातून आधी अन्न जात नाही, आधी पंगत जाते. शेजारी कोण बसलंय, हे त्याला दिसेनासं होतं. अन्नाविषयी जे खरं लिहिलं जातं, ते शेजारचं पान दिसत राहावं म्हणून लिहिलं जातं. चव हे त्याचं निमित्त आहे."

व्यापारी घसा खाकरून म्हणाला, "आचार्य, आपलं दुःख मोठं आहे. पण ही वही मी लग्नात कशी वाटू? मांडवात असलं अभद्र?" तो थांबला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "एक सुचतं. पोरीनं लिहिलंय तेच राहू द्या की! प्रस्तावना झकास आहे. ती वाचून कुणाला शंकासुद्धा येणार नाही. दोनशे घरांत जाईल. हिचं नाव होईल."

आचार्यांनी तरुणीकडे पाहिले. "प्रस्तावना तिची आहे, शेठजी. तीच सांगेल."

तिच्या डोळ्यांपुढे दोनशे घरे उभी राहिली. दोनशे फडताळे, दोनशे प्रती, पहिल्याच पानावर तिचे नाव. नको म्हटले तर वही गेली, काम गेले आणि संध्याकाळच्या आत गाठोडे बांधायचे.

"नको," ती म्हणाली. इतक्या हळू, की व्यापाऱ्याने "काय?" असे विचारले.

"नको, शेठजी. ते खोटं आहे. मला माहीत नव्हतं तेव्हा ती चूक होती. आता माहीत आहे."

"अगं, पण कळणार कुणाला?"

"मला कळलं होतं," टोकाच्या पाटावरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिले. व्यापाऱ्याची आई आपल्या पानावरची मिठाची चिमूट बोटाने सारखी करीत होती. "तिनं वाचलं तेव्हाच कळलं. गूळ वाढला, तूर वाढली. तू मांडीवर थापा मारत होतास, मला हात उचलवेना. तुझ्या वखारीत आज पोत्यांवर पोती आहेत, बाबा. तुझ्या जन्माआधी आमच्या घरात काय काय वाढलं होतं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायचं कसं, तेच कळलं नाही." तिने तरुणीकडे पाहिले. "लग्नात नको तर नको. मला एक प्रत करून दे, मुली. त्या बाईनं लिहिलीय तशी. काही सुधारू नकोस."

व्यापारी आईकडे पाहत राहिला. त्याला काहीतरी विचारायचे होते, पण पंगतीत विचारवेना. त्याने मान खाली घातली.

आचार्यांनी काकूंना खूण केली. त्यांनी चूल पेटवली. वरणभात व्हायला तास लागला आणि तेवढा वेळ चाळीसही माणसे पानावरून उठली नाहीत. पहिली वाफ बाहेर आली तेव्हा सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. व्यापाऱ्याने आईच्या पानावर भात पडेपर्यंत आपल्या भाताला हात लावला नाही.

मंडळी गेल्यावर तरुणी आचार्यांपुढे येऊन उभी राहिली. लग्नात आता समया वाटायचे ठरले होते. दोनशे प्रती गेल्याच होत्या.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता. "प्रत वाचलीत तेव्हाच सगळं माहीत होतं. मला आधी का नाही सांगितलंत? सगळ्यांसमोर..."

"सांगितलं असतं, तर तुला शब्दाचा अर्थ कळला असता. मीठ आणायला निघालीस, तेव्हा दोन पावलांत तुला जे कळलं, ते मला सांगता आलं नसतं." आचार्य थोडे थांबले. "पण हे अर्धंच खरं आहे. उरलेलं सांगतो. ती भाकरीची गोष्ट मी सत्तर वर्षं कुणापाशी बोललो नव्हतो. तुझी चूक पाहिली आणि वाटलं, आता बोलता येईल. मी तुझ्या चुकीच्या आडून बोललो. त्याबद्दल मला क्षमा कर."

वृद्ध गुरू आपली क्षमा मागत आहेत, हे पाहून ती पुन्हा दचकली. ती म्हणाली, "मग मी... गाठोडं बांधू?"

"कशाला? आजींची प्रत कोण करणार?" आचार्य म्हणाले. "आणि ती झाल्यावर तुझं स्वतःचं लिहायला बस. पाहुणी होतीस, ते आज संपलं." शेवटचा शब्द त्यांनी मुद्दाम स्पष्ट उच्चारला.

त्या बाईची वही जशीच्या तशी उतरवायला तिला पाच दिवस लागले. एकेचाळीस वेलांट्या तिने एकेक करून परत दिल्या. प्रस्तावना लिहिली नाही.

सहाव्या दिवशी सकाळी ती कोरी वही घेऊन स्वयंपाकघरात गेली. काकू पालेभाजी निवडत बसल्या होत्या. तिला पाहताच त्यांनी विळीकडे बोट केले. "आलीस? तो भोपळा फोड आधी."

तिने भोपळा फोडला. फोडी पाण्यात टाकल्या. मग वही मांडीवर घेतली आणि आमटीला फोडणी कशाची घालता, हे विचारण्याऐवजी हळूच म्हणाली, "काकू, तुम्हाला आयुष्यात सगळ्यात जास्त भूक कधी लागली होती?"

काकूंचे हात थांबले. देठ बोटांतच राहिला. त्यांनी तिच्याकडे, मग वहीकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहिले.

"लिहिणार आहेस?"

"हो."

काकूंनी भाजीची परात बाजूला सारली आणि शेजारचा पाट तिच्याकडे सरकवला.

"मग आधी हात धुऊन ये," त्या म्हणाल्या.